आमचा व्हॅलेंटाइन रक्तसाक्षी होता

चर्चच्या कमिटीत माणसाने काही वर्षं काढली की त्याच्याकडे श्रद्धा किती साठते ते देव जाणे, पण किस्से मात्र ढिगाने साठतात! ते सांगायचे कुठे हाच प्रश्न. घरी सांगितले तर नवरा म्हणतो, "तुम्ही तिथे प्रार्थना करता की पंचायत?" शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितले तर अर्ध्या जणी हसतात आणि अर्ध्या डोळे पुसतात. आमचे किस्से आहेतच तसे. हसायला सुरुवात करावी आणि मध्येच थांबावं लागावं.

आमची कमिटी म्हणजे लग्नाआधीच्या शिबिराची. लग्न ठरलेल्या मुलामुलींना चर्चच्या हॉलमध्ये बसवून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, हे आमचं काम. आम्ही चौघं होतो. फादर जेरोम, बुटके, करड्या दाढीचे, आवाज मात्र माइक नको म्हणणारा. पास्कू अंकल, भुईगावच्या बाजूला त्यांची फुलांची वाडी. आल्तारावरची, म्हणजे चर्चमधल्या वेदीवरची फुलं कायम त्यांची. मी, मराठी शाळेत इतिहास शिकवणारी, म्हणून सगळ्यांची 'टीचर'. आणि फिलू आंटी.

फिलू आंटी विधवा. शिकलेली चौथीपर्यंत, पण शिबिरात तिचा तास सगळ्यात शेवटी ठेवायला लागायचा, कारण तिच्यानंतर कोणाचं कोणी ऐकतच नसे. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "माजा नवरा गेला त्या दिवशी सगली बोलत होती, रड बाय, रड. मना रडू येत नव्हता, नुसती झोप येत होती. इतक्या वर्सांची उरलेली!"

समोर बसलेल्या नवऱ्यामुलांचे चेहरे तेव्हा बघावेत!

*

सुरुवात अशी झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. स्टेशन रोडवर मनोजचं गिफ्ट शॉप निघालं आणि फेब्रुवारी उजाडला की त्याच्या काचेत लाल फुगे, लाल बदाम, लाल अस्वलं लटकायला लागली. आमची धर्मशिक्षणाच्या वर्गातली पोरंसुद्धा तिथे नाक लावून उभी.

एका रविवारी फादरांनी वर्गात विचारलं, "संत व्हॅलेंटाइन कोण होता?"

मग सातवीतली एक मुलगी धीर करून उठली. "फादर, तो कार्डाच्या कंपनीचा मालक!"

आम्ही मागे बसलेले सगळे खो-खो हसलो. फादर हसले नाहीत. म्हणाले, "बाळा, तो धर्मगुरू होता. बादशहा म्हणत होता, शिपायांनी लग्नं करायची नाहीत, घर झालं की माणूस लढत नाही. हा लपून लग्नं लावायचा, असं सांगतात. म्हणून त्याला तुरुंगात टाकलं आणि मग त्याची मान छाटली. चौदा तारखेला."

मुलगी खाली बसली. शेजारची पोर हळूच म्हणाली, "मग फुगे कशाला लावतात?"

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये फादरांनी जाहीर केलं. यंदा चौदा फेब्रुवारीला चर्चमध्ये खास मिस्सा, सगळ्यांची एकत्र उपासना. श्रद्धेपायी जीव दिलेल्या रक्तसाक्ष्याचा सण म्हणून लाल झगा घालीन. लग्न झालेल्या जोडप्यांनी यायचं आणि लग्नाचं वचन पुन्हा घ्यायचं.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅरिश कौन्सिलमधले एक गृहस्थ फार वाचलेले. ते म्हणाले, "फादर, चर्चच्या कॅलेंडरमधून त्याचं नाव केव्हाच काढलंय. त्या दिवशी दुसरे दोन संत आहेत."

"असू देत की," फादर म्हणाले. "कॅलेंडरमधून नाव काढलं म्हणून त्याची मान परत जोडली गेली का?"

*

पहिल्या वर्षी चर्च भरलं. नवी जोडपी, जुनी जोडपी, नातवंडं कडेवर घेतलेली जोडपी. पास्कू अंकलनी आल्तार नुसत्या पांढऱ्या मोगऱ्याने सजवला. एकही गुलाब नाही. "लाल रंग झग्याचा हाय तो पुरे," म्हणाले.

फादरांनी जोडप्यांना उभं केलं, हात हातात द्यायला सांगितले. मग खाली उतरून एकेका जोडप्यापुढे कॉर्डलेस माइक धरत निघाले. नवीनच आणला होता, त्याचं कौतुक! नवरा म्हणायचा, बायको म्हणायची, सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, तुझ्याशी एकनिष्ठ राहीन, तुझा मान राखीन. बायका डोळ्याला रुमाल लावत होत्या.

तिसऱ्या बाकाजवळ आंतोन आणि कातरीन उभे होते. साठीच्या पुढचे. आंतोनने खणखणीत आवाजात वचन म्हटलं. माइक कातरीनपुढे आला. ती गप्प.

फादर हळूच म्हणाले, "बोल, कातरीन. मी तुझ्याशी एकनिष्ठ..."

कातरीन माइकमध्येच म्हणाली, "फादर, मागल्या वेली पन हा असाच बोलला होता."

चर्चमध्ये कोणीतरी हसलं. कातरीनने हाताला बांधलेला रुमाल सोडला आणि मनगट पुढे केलं. मनगट सुजून काळं-निळं झालं होतं. "ह्यो परवाचा," ती म्हणाली. तेही माइकमध्ये.

आंतोन छताकडे बघत राहिला. फादरांच्या हातातला माइक कुईऽऽ करून ओरडला तेव्हा कुठे ते हलले. फिलू आंटी तोवर बाकं ओलांडून पोचली होती. तिने कातरीनला खांद्याला धरलं आणि मधल्या वाटेने चालत बाहेर नेलं. वचन अर्धंच राहिलं.

कातरीन त्या दिवसापासून बहिणीकडे राहायला गेली ती परत आली नाही. आंतोनच्या भावांनी फादरांकडे येऊन तमाशा केला. "तुमच्यामुळे आमचं घर मोडलं!"

फादर म्हणाले, "घर आधीच मोडलं होतं. मी फक्त माइक धरला."

दुसऱ्या वर्षी फादरांनी नियम केला. वचन घ्यायला येणाऱ्या प्रत्येक नवऱ्याने आधी त्यांना एकट्याने भेटायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, घरात हात उगारतोस का? खोटं बोलायचं असेल तर घरीच राहायचं.

त्या वर्षी जोडपी निम्म्यावर आली. पास्कू अंकल हळहळले, एवढी फुलं आणली आणि बाकं रिकामी! फादर म्हणाले, "बरं झालं, पास्कू. खरी गर्दी किती ते तरी कळलं."

*

मग दंग्याचं वर्ष आलं. एका संघटनेच्या पोरांनी सकाळीच मनोजचं दुकान फोडलं. अस्वलं, बदाम, कार्डं सगळं रस्त्यावर आणून पेटवलं. मनोज समोरच्या पानवाल्याच्या टपरीमागे लपून बघत होता. आपल्या दुकानाची आग आपणच लपून बघायची!

तिथून मोर्चा आमच्याकडे वळला. गेटवर आमचा बोर्ड होता ना, 'संत व्हॅलेंटाइन यांच्या सणाची मिस्सा, सर्वांना आमंत्रण'. तीसेक जण असतील. पुढे एक उंच पोरगा, कपाळाला रुमाल बांधलेला.

"फादर, हे असलं परदेशी थेर इथे चालणार नाही."

फादर गेटपाशी गेले. "या, आत या. आधी बघा तर खरं काय थेर आहे ते."

तो पोरगा आत आला, मागे आणखी चारपाच. दारात मी रंगवलेला मोठा कागद लावला होता. तुरुंगाच्या गजांमागे दाढीवाला म्हातारा, गळ्याभोवती लाल रेघ. त्याने बराच वेळ बघितलं. त्याला बहुतेक गुलाब आणि बदाम अपेक्षित होते. त्याने विचारलं, "ह्याला कोणी मारला?"

"बादशहाच्या माणसांनी," फादर म्हणाले. "त्यांचंही हेच म्हणणं होतं. कोणी कोणावर प्रेम करायचं ते आम्ही ठरवणार."

पोरगा क्षणभर गोंधळला. मला अजून वाटतं, तो एकटा असता तर निघून गेला असता. पण मागून कोणीतरी ओरडलं, "काय ऐकत बसलाय त्याचं!" आणि पहिला दगड आला. तो कागद फाडून भिंतीला लागला. दुसरा फादरांसाठी होता, पण पास्कू अंकल फुलांची टोपली घेऊन मध्ये आले आणि तो त्यांच्या कपाळाला लागला. टोपली सांडली. मोगऱ्यावर रक्ताचे ठिपके.

रक्त बघून गर्दी पांगली. आम्ही अंकलना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, टाके घालता घालता गप्पा मारणारा. "काका, या वयात एवढं कसं लागलं?"

पास्कू अंकल टेबलावर आडवे, डोळ्यावर रक्त ओघळलेलं. म्हणाले, "काय नाय ओ डाक्टर, व्हॅलेंटाइन डे साजरा केला!"

त्या डाव्या डोळ्याने त्यांना पुढे धूसरच दिसायला लागलं. फुलं तोडताना कळी की उमललेलं फूल ते आता बोटाने चाचपून बघतात.

*

एक छोटासा किस्सा मध्येच सांगून टाकते. एका वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका तेरा फेब्रुवारीला आला. म्हणजे आज कपाळावर राख आणि उद्या व्हॅलेंटाइन. राख लावताना फादर म्हणतात ना, 'मनुष्या, तू माती आहेस आणि मातीला मिळशील'. रांगेत आमच्या शिबिरातला एक मुलगा होता, शेजारी होणारी बायको. तो कुजबुजला, "फादर, हिला तरी नका ना सांगू. उद्या आमचा पहिलाच व्हॅलेंटाइन आहे!"

फादरांनी दोघांच्या कपाळावर चांगला जाड क्रूस काढला. "लग्नाआधी सांगितलेलं बरं. नंतर म्हणाल, फसवलं!"

*

दगडाची बातमी पेपरात आली आणि आमचा संत एकदम प्रसिद्ध झाला. मनोज दुकान पुन्हा उभं करत होता, तो एक दिवस आला. बिचारा खूप अदबीने बोलला. "फादर, तुमच्या संताची कीचेन काढू का? एका बाजूला फोटो, एका बाजूला दिल. दिलाच्या वर क्रॉस टाकतो, म्हणजे दोन्ही बाजूचे लोक खूश."

फादरांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मनोजचा राग कोणालाच आला नाही. त्याला पोट होतं.

मनोजनंतर आला बिल्डर. तेव्हा आमच्याकडे वाड्या विकल्या जात होत्या, विहिरी बुजत होत्या, कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावर कॉटेजेस निघत होत्या. हा गृहस्थ पांढऱ्या गाडीतून आला, बरोबर दोन माणसं आणि एक गुंडाळलेलं बॅनर. ते हॉलमध्ये उलगडलं. वर आमचा संत, खाली अक्षरं, 'प्रेमाला हवं हक्काचं घर! वन बीएचके बुकिंग सुरू'.

"फादर, मिस्सेचा मंडप, साउंड, नाश्ता, सगळं आपल्याकडून. बॅनर फक्त गेटवर लागला पाहिजे. आणि हो, नव्या टॉवरला तुमच्या संताचं नाव देतो. व्हॅलेंटाइन हाइट्स!"

कौन्सिलमधल्या दोघांचे डोळे चमकले. फादरांनी बॅनर शांतपणे गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "नाव द्या की. पण मग तळमजल्यावर एक तुरुंग बांधा. शेवटी तो तिथेच राहत होता."

टॉवर उभा राहिला. नाव मात्र दुसरंच दिलं.

*

आता जे सांगते ते मी फार वेळा सांगत नाही.

संघटनेच्या पोरांनी दुकान फोडलं तेव्हा आम्ही त्यांना नावं ठेवली. दोन वर्षांनी तेच खूळ आमच्या पोरांच्या डोक्यात शिरलं. आमच्या म्हणजे आमच्याच, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवणाऱ्या. किनाऱ्यावर बाहेरची जोडपी येऊन बसतात, गावाची अब्रू जाते, असं त्यांचं म्हणणं. चौदा तारखेला दुपारी ती सुरूच्या बनात गेली. बरोबर केबलवाल्याचा कॅमेरा.

बरीच जोडपी पळाली. एक मुलगी सापडली. तिच्याबरोबरचा मुलगा तिला सोडून पळाला. पोरांनी तिला मध्ये उभं केलं आणि कॅमेऱ्यासमोर नाव, गाव, बापाचं नाव विचारायला सुरुवात केली. ती दोन्ही हातांनी तोंड झाकायची, एक जण हात खाली ओढायचा.

फिलू आंटी त्याच बाजूला एका आजारी बाईला भेटायला गेली होती. गलका ऐकून ती बनात शिरली. तिने त्या पोराच्या थोबाडीत मारली, मुलीच्या डोक्यावर आपल्या साडीचा पदर टाकला आणि तिला तशीच पदराखाली धरून आपल्या घरी आणली. मला शाळेत निरोप आला, मी पोचले तेव्हा ती मुलगी ओट्यावर चहाचा कप धरून बसली होती. चहावर साय आलेली.

तिचं नाव कविता. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणारी, कपडे शिवण्याच्या कंपनीत कामाला जाणारी. त्या पळून गेलेल्या मुलाबद्दल ती एक अवाक्षर बोलली नाही. एकच विचारत होती.

"आंटी, ते टीव्हीवर लावतील का?"

"नाय गो," फिलू आंटी म्हणाली. "कोन बगतो तो केबल! तू चा पी."

आम्ही तिला रिक्षाने घरापर्यंत सोडलं. उतरताना ती फिलू आंटीच्या पाया पडली. आंटी म्हणाली, "येत जा गो. घर बगलास ना?"

त्याच संध्याकाळी केबलवर ते लागलं. गाणं लावून. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं, लोकांनी मागणी केली म्हणून.

तिसऱ्या दिवशी कळलं, कविताने आपल्या जिवाचं बरंवाईट करून घेतलं.

फिलू आंटी दुपारी चर्चमध्ये आली, मनोऱ्याखाली गेली, आणि मरणाची घंटा वाजवायला लागली. आमच्याकडे गावात कोणी गेलं की ती घंटा वाजते. हळूहळू, एकेक ठोका. ती ऐकली की माणसं हातातलं काम टाकून दारात येतात. तशी आली. वाड्यांतून, ओट्यांवरून, सायकलीवरून. "कोन गेला? कोनाकडचा?" जो तो विचारतोय. चर्चच्या आवारात गर्दी जमली. त्या गर्दीत ती पोरंही होती.

फादर धावत आले. "फिलू, कोण गेलं?"

"कविता."

"कुठली कविता?" लोक एकमेकांना विचारू लागले. मग कोणालातरी आठवलं. केबल सगळ्यांनी बघितली होती.

कौन्सिलवाले ते वाचलेले गृहस्थ पुढे झाले. समजुतीच्या स्वरात म्हणाले, "आंटी, वाईट झालं. पण ही घंटा आपल्या माणसांसाठी असते. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती."

फिलू आंटीने दोर सोडला नाही. म्हणाली, "ती नव्हती. तिला धरनारी पोरं होती. मी त्यांची वाजवते."

आणि तिने पुढचा ठोका दिला.

गिटार वाजवणाऱ्यांतला एक पोरगा तिथेच मातीत खाली बसला, त्याच्या आईने त्याला उठवलं नाही. फिलू आंटीचे हात थकले तेव्हा फादरांनी दोर हातात घेतला.

*

शेवटचा सांगते. हा तुरुंगातला.

कवितानंतर फादरांचं मन आवारातल्या सणावरून उडालं. जानेवारीच्या मीटिंगमध्ये म्हणाले, "तो बिचारा तुरुंगात मेला आणि आपण त्याचा सण मंडप घालून करतो. यंदा आपण त्याच्याकडे जाऊ." त्यांनी खटपट करून परवानगी मिळवली आणि चौदा तारखेला सकाळी आम्ही चौघं तुरुंगात गेलो. ख्रिस्ती कैद्यांसाठी मिस्सा.

पास्कू अंकलनी त्या वर्षी पहिल्यांदाच गुलाब आणले होते. का, ते त्यांनी सांगितलं नाही. गेटवरच्या शिपायाने ते अडवले. "काटे आहेत. आत नेता येणार नाही." पास्कू अंकल तिथेच दगडावर बसले आणि अधू डोळ्यामुळे बोटांनी चाचपत एकेका देठाचे काटे काढत राहिले. बोटं रक्ताळली, पण फुलं आत गेली.

एक लांब खोली. उंचावर खिडक्या. लोखंडी टेबलावर आम्ही पांढरं कापड घातलं. समोर जमिनीवर पंधरा-वीस माणसं बसलेली. काही इतकी लहान की माझ्या शाळेतून कालच बाहेर पडली असावीत. फादरांनी संताची गोष्ट सांगितली. बदामाचं, फुग्याचं नाव नाही. तुरुंगाची सांगितली, अंधाराची सांगितली, आणि जेलरच्या आंधळ्या मुलीसाठी त्याने केलेल्या प्रार्थनेची सांगितली. माणसं गप्प बसून ऐकत होती. बाहेर आम्हाला असा श्रोता कधी मिळाला नव्हता.

मिस्सा संपत आली. वचनाचा प्रश्नच नव्हता, तिथे जोडपी कुठली! फादर आशीर्वाद द्यायला हात उचलणार, तेवढ्यात मागून एक जण उभा राहिला. चाळिशीचा, किडकिडीत, गळ्यात जपमाळ. गाणी म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांत गोड लागला होता.

"फादर, माझं नाव डॉमनिक. बहीण भेटायला येते ती सांगत होती. तुमच्याकडे या दिवशी लग्नाचं वचन परत घेतात."

"हो, घेतात."

"मला घ्यायचंय."

फादर म्हणाले, "तुझी बायको...?"

"रोझी. ती नाही आता," डॉमनिक म्हणाला. "मीच मारली तिला."

दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने मान वळवली. फादरांचा हात हवेतच राहिला होता, तो त्यांनी हळूहळू खाली घेतला.

"डॉमनिक," ते शेवटी म्हणाले, "हे वचन दोघांनी घ्यायचं असतं."

"माहीत आहे, फादर. तिने तिचं पाळलं. मी माझंच घेतो. मोडलं ते माझंच."

पास्कू अंकलनी मान खाली घातली होती. मला वाटत होतं, फादरांनी काहीतरी प्रार्थना म्हणावी आणि हे संपवावं.

फिलू आंटी उठली.

तिने हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. पदर नीट केला. बसलेल्या माणसांमधून वाट काढत ती डॉमनिकपर्यंत गेली, त्याच्या डाव्या बाजूला, जिथे नवरी उभी राहते तिथे उभी राहिली आणि आपला उजवा हात पुढे केला. त्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. तिच्या नवऱ्याने मोडली होती आणि मग ती तशीच जुळली.

डॉमनिक त्या हाताकडे बघत राहिला. त्याचा हात वर येईना.

"धर," फिलू आंटी म्हणाली.

त्याने धरला. फादरांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. डॉमनिक एकेक वाक्य त्यांच्यामागून म्हणत गेला. रोझी, सुखात आणि दुःखात. आजारात आणि आरोग्यात. तुझ्याशी एकनिष्ठ राहीन. 'तुझा मान राखीन' इथे त्याचा आवाज गेला. फिलू आंटी वाट बघत उभी राहिली. तिने हात सोडला नाही. त्याने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि पुरं केलं.

फादरांनी सवयीने पान उलटलं. पुढे नवरीचं वचन होतं. ते थबकले, त्यांनी फिलू आंटीकडे बघितलं. सगळी खोली तिच्याकडे बघत होती.

फिलू आंटी म्हणाली, "ती काय बोलनार नाय, फादर. पुडचा वाचा."